मामा तलावावरचा प्रकल्प: ढिवरांचं सांगणं आणि तुमचं मोजमाप

महाविद्यालयाचं सत्र सुरू होऊन प्रवेश, वेळापत्रक, मार्गदर्शक असं सगळं ठरेस्तोवर पोळा येतो. तलावाचं सत्र मात्र मृगातच सुरू झालेलं असतं. पहिल्या दमदार पावसात येव्याचं (पाणलोटातून वाहून येणारं) पाणी तलावात उतरतं. मासे धारेच्या उलट लागून सलंगावरून (सांडव्यावरून), नाल्यानाल्यानं धानाच्या बांध्यांत (खाचरांत) चढतात. मरळ काठच्या बुडालेल्या गवतात अंडी घालते. पोळ्यापर्यंत यातलं बरंचसं आटोपलेलं असतं. म्हणून पदवीच्या मुलांचे तलावावरचे प्रकल्प बहुतेक एकाच साच्यातून निघतात: सप्टेंबर ते नोव्हेंबर, तीन फेऱ्या, पीएच, तापमान, निष्कर्ष 'पाणी मत्स्यपालनास योग्य'. ते पाणी योग्य आहे हे तलावावर मासेमारी करणाऱ्या ढिवराला आधीच ठाऊक असतं. त्याचे प्रश्न वेगळे आहेत, आणि संशोधनाला खरा विषय तिथे आहे.

भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोली आणि नागपूरचा पूर्व भाग मिळून साडेसहा हजारांहून जास्त माजी मालगुजारी तलाव आहेत; लोक त्यांना 'मामा तलाव' म्हणतात. गोंड राजांच्या काळात जमिनीच्या हक्काच्या बोलीवर कोहळी समाजानं यातले कितीतरी बांधले. नवेगावबांध त्यातलाच, अठराव्या शतकाच्या सुरुवातीचा, कोलू पाटील कोहळीच्या नावानं ओळखला जाणारा. मालगुजारी गेल्यावर १९५१ मध्ये तलाव सरकारकडे आले. पाळ (बांध), तुडूम (पाणी सोडण्याची मोरी), सलंग यांचं शास्त्र कोहळ्यांचं; पाण्याखाली काय चालतं याचं शास्त्र ढिवरांचं. ते कुठे लिहिलेलं नाही. कोणत्या नक्षत्रात कोणता मासा कुठे जातो, कोणत्या गवताच्या मुळाशी झिंगे सापडतात, कोणत्या भागात उन्हाळ्यात चिखलाखाली मरळ जिवंत राहते, हे सगळं डोक्यात आणि हातात आहे. ज्यांच्याकडे ते आहे ती माणसं आता साठीच्या पुढची आहेत. तुमचा प्रकल्प यासाठी उपयोगी पडू शकतो, आणि त्याला श्रेयांकही (क्रेडिट) मिळतात.

श्रेयांक कुठे बसवायचे

नागपूरच्या मत्स्यविज्ञान महाविद्यालयात चार वर्षांची बी.एफ.एस्सी. आहे. तिच्या शेवटच्या वर्षात गावात राहून काम करण्याचा आणि अनुभवातून शिकण्याचा भाग असतो. तो अशा कामाला सगळ्यात सोयीचा. प्राणिशास्त्र, वनस्पतिशास्त्र, पर्यावरणशास्त्राच्या बी.एस्सी.ला नव्या शैक्षणिक धोरणामुळे क्षेत्र प्रकल्प आणि समाजसहभाग यांचे श्रेयांक आले आहेत. प्रात्यक्षिकाचा एक श्रेयांक म्हणजे साधारण ३० तास. दोन श्रेयांकांच्या ६० तासांत एका तलावाची हंगामी नोंद होते, त्याहून जास्त होत नाही. मोठं काम करायचं असेल तर चौथ्या वर्षाची 'संशोधनासह ऑनर्स' पदवी आहे. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या आराखड्यात तिच्यासाठी पहिल्या ६ सत्रांत ७५ टक्के गुण लागतात आणि संशोधन प्रकल्पाला १२ श्रेयांक आहेत. तीन विज्ञान अकादमींची उन्हाळी संशोधन शिष्यवृत्ती दोन महिन्यांची असते. उन्हाळ्यात मासा मोजता येत नाही हे खरं, पण तलावाचा उघडा तळ पाहण्याची ती एकमेव वेळ आहे. गाळाची खोली, कंद, बेशरमाची (काठानं माजणाऱ्या झुडपाची) मुळं, शेवटपर्यंत ओल धरणारे खोलगट भाग हे सगळं एप्रिल-मे मध्येच दिसतं. निकाल हाती आले की हिवाळ्यात विद्यापीठांच्या 'आविष्कार' संशोधन स्पर्धेत मांडा. परीक्षक ढिवरी नावं विचारतील. ती पाठ असू द्या.

श्रेयांकांचं गणित कसंही बसो, मार्गदर्शक मार्चमध्ये गाठा. एप्रिलमध्ये एकदा तलावावर जाऊन या, म्हणजे मृग लागेपर्यंत वही तयार राहील.

परवानगी

तलावाला तीन धनी असतात. पाणी आणि पाळ जिल्हा परिषदेची किंवा पाटबंधारे विभागाची, मासेमारीचा ठेका बहुधा मच्छीमार सहकारी संस्थेचा, आणि निस्तार हक्क (रोजच्या गरजेपुरत्या वापराचा हक्क) साऱ्या गावाचा. संस्थेच्या अध्यक्षाचं 'या या' म्हणणं ही परवानगी नाही. संस्थेच्या बैठकीत विषय मांडा, ठराव लिहून घ्या, ग्रामपंचायतीला प्रत द्या. अनुसूचित क्षेत्रातल्या गावात हे ग्रामसभेतून करा. पेसा कायद्यानं (अनुसूचित क्षेत्रातल्या पंचायतींचा कायदा) लहान जलाशयांचं नियोजन तिथल्या पंचायतींकडे दिलं आहे, आणि २००६ च्या वनहक्क कायद्यात सामूहिक हक्कांमध्ये मासे व पाण्यातलं इतर उत्पन्न स्पष्ट लिहिलेलं आहे. गावात लोक जैवविविधता नोंदवही असेल तर ती आधी वाचा. माशांची पानं बरेचदा दोन ओळींत आटोपलेली असतात. ती भरून देणं हाही एक चांगला प्रकल्प आहे. कोणताही नमुना परदेशी संस्थेकडे पाठवायचा विचार असेल तर राष्ट्रीय जैवविविधता प्राधिकरणाची परवानगी लागते.

मजुरीचं बोलणं पहिल्याच दिवशी करून टाका. एखादे काकाजी तुमच्याबरोबर सकाळचे तीन तास डोंग्यात बसले की त्यांचा त्या दिवसाचा मासा गेला. तेव्हा दिवसाची मजुरी द्या आणि मोजायला घेतलेला मासा बाजारभावानं विकत घ्या. प्रकल्पाच्या खर्चात ही ओळ सगळ्यात वर लिहा.

प्रश्न कसा काढायचा

छापील प्रश्नावली घेऊन जाऊ नका. 'तुम्ही कोणते मासे पकडता?' असं विचारलं की कटला, रोहू, मृगल अशी संस्थेनं सोडलेल्या बियाण्याची यादी मिळते. त्याऐवजी पाळीवर बसा, जमिनीवर राखेनं किंवा रांगोळीनं तलावाचा आकार काढा आणि विचारा, 'रोहिणीत इथे काय असते? मृगात? आर्द्रात?' नक्षत्रं चालतील, उलट तीच चालू द्या. मृग ७-८ जूनला लागतं, आर्द्रा २१-२२ जूनला, पुनर्वसू ५-६ जुलैला, पुष्य १९-२० जुलैला, आश्लेषा २-३ ऑगस्टला, मघा १६-१७ ऑगस्टला. घरी येऊन तारखा लिहा, पण मूळ नोंद नक्षत्राचीच ठेवा.

बाया आणि पुरुष यांच्याशी वेगवेगळं बोला. पुरुष डोंग्यानं खोल पाण्यात जातात, त्यांना मोठा मासा ठाऊक. काठचे झिंगे आणि बारका मासा बायांच्या हातातला, आणि बाजारात विकणाऱ्याही त्याच. बारक्या माशाची जात कधी कमी झाली, हे बाजारात टोपली घेऊन बसणारी बाई जास्त नेमकं सांगते. ती वर्ष सांगणार नाही. 'पोरीच्या लग्नाच्या साली मिळे' असं सांगेल. लग्नाचं साल विचारून घ्या.

प्रत्येक विधानापुढे एक अक्षर लिहा: 'पा' म्हणजे स्वतः पाहिलेलं, 'ऐ' म्हणजे ऐकलेलं. नंतर विश्लेषणात या एका अक्षराचा फार उपयोग होतो. नावांचं तर विशेष सांभाळा. एकाच माशाला दहा मैलांवर दुसरं नाव असतं, आणि एका नावाखाली कधी दोन जाती असतात. पट्टी शेजारी ठेवून डाव्या बाजूचा फोटो घ्या, ढिवरी नाव लिहा, गावाचं नाव लिहा, मग पुस्तकातलं नाव. पाणवनस्पतीही तशीच, कागदात दाबून, नावासह.

या गप्पांमधून मोजता येईल असं एकच विधान निवडा. 'बेशरम वाढलं की मासा हटतो' हे विधान तलावातलाव ऐकू येतं. त्याचं मोजण्याजोगं रूप असं: बेशरमाच्या पट्ट्यात आणि हायड्रिला, कुमुदिनी, देवधान असलेल्या पट्ट्यात, सारख्या जाळ्यानं, सारख्या वेळात, किती जाती आणि किती वजन मिळतं? प्रश्न एवढा लहान असला की एका हंगामात उत्तर येतं.

मरळीचे थवे

मासा न मारता, जवळजवळ फुकटात करता येणारं एक मोजमाप आहे आणि ते फार कमी जण करतात. मरळ पिल्लं राखते. पावसाळ्यात काठाजवळच्या गवताच्या मोकळ्या जागेत पाण्याच्या वरच्या थराला ताटाएवढा लालसर-केशरी ठिपका दिसतो. जवळून पाहिलं तर शेकडो पिल्लं एकमेकांवरून उलटीपालटी होत वर हवा घ्यायला येतात आणि पाण्याला बारीक उकळी फुटल्यासारखं वाटतं. ठिपक्याखाली नर-मादी असतात. दगड टाकला की पिल्लं क्षणात खाली जातात आणि मोठा मासा एकदा जोरात उसळतो.

पाळीचा ५०० मीटरचा एक भाग ठरवा, दोन्ही टोकांना खुणेचा दगड. जुलैच्या पहिल्या आठवड्यापासून सप्टेंबर अखेरपर्यंत आठवड्यातून एकदा, सकाळी ७ ते ९, एकाच वेगानं चाला. दिसलेला प्रत्येक थवा, त्याचा अंदाजे व्यास, पिल्लांचा रंग आणि कोणत्या वनस्पतीजवळ आहे ते लिहा. बारा-तेरा फेऱ्यांत हंगामाचा आलेख तयार होतो आणि 'मरळ अमुक नक्षत्रात पोरं काढते' हे सांगणं त्या आलेखावर तपासता येतं.

चुका इथेच होतात. वारा असला की लाटांमुळे थवे दिसत नाहीत, तो दिवस रद्द करून दुसऱ्या दिवशी जा. शून्य लिहू नका. दोन जण मोजणार असतील तर पहिल्या तीन फेऱ्या दोघांनी सोबत चालून वेगवेगळ्या वहीत लिहा आणि आकडे किती जुळतात ते पाहा. पिल्लं वाढली की रंग काळपट होतो आणि थवा विखुरतो. म्हणून सप्टेंबरात थवे नाहीत याचा अर्थ पिल्लं मेली असा नाही. आणि हंगामात राखणारी जोडी कोणी गरीनं (गळानं) काढली तर थवा दुसऱ्या माशांच्या तोंडी जातो. असं दिसलं तर तेही लिहा, नाव न लिहिता.

पाण्यातला प्राणवायू

पाण्याचं एकच मोजमाप नीट करायचं असेल तर विरघळलेला प्राणवायू करा, आणि तो पहाटे ५ ते ६ मध्ये. दुपारी ३ वाजता कोणत्याही हिरव्या तलावात आकडा चांगलाच येतो, कारण वनस्पती दिवसभर प्राणवायू सोडत असतात. रात्री त्याच वनस्पती आणि शेवाळ तो वापरतात. माशाचा जीव जातो तो पहाटे. ५ मिलिग्रॅम प्रतिलिटरच्या वर कटला-रोहू निवांत असतात. ३ च्या खाली ते वर येऊन तोंड उघडतात. मरळ, मागूर, शिंगी यांना हवेतला श्वास घेता येतो, त्या तगतात.

मीटर नसेल तर विंकलर पद्धत वापरा. १२५ मिलिलिटरची काचेच्या बुचाची बाटली पाण्याखाली तिरपी धरून भरा. वरून ओतली तर हवा मिसळते. आत एकही बुडबुडा नको. मँगनीज सल्फेट १ मिलिलिटर आणि अल्कधर्मी आयोडाइड-अझाइड १ मिलिलिटर पिपेटचं टोक पाण्याखाली नेऊन सोडा, बूच लावा, बाटली दहा-पंधरा वेळा उलटीपालटी करा. तपकिरी साका (तळाशी बसणारा गाळ) बसला तर प्राणवायू आहे; पांढराच राहिला तर नाही. साका बसल्यावर बाटली ओल्या फडक्यात गुंडाळून सावलीत ठेवा आणि त्याच दिवशी प्रयोगशाळेत न्या. तिथे संहत सल्फ्युरिक आम्ल १ मिलिलिटर घालून साका विरघळवा, १०० मिलिलिटर घेऊन ०.०२५ नॉर्मल सोडियम थायोसल्फेटनं फिका पिवळा रंग येईपर्यंत आणि मग पिष्ट घालून निळा रंग जाईपर्यंत टायट्रेट करा. जितके मिलिलिटर लागले त्याची दुप्पट म्हणजे मिलिग्रॅम प्रतिलिटर. थोड्या वेळानं निळा रंग परत आला तर तो धरायचा नाही.

आकडे विचित्र येण्याचं नेहमीचं कारण म्हणजे जुनं थायोसल्फेट. ते ठेवून ठेवून कमजोर होतं, मग जास्त लागतं आणि तलावात प्राणवायू भरपूर असल्याचा भास होतो. दर आठवड्याला त्याची तीव्रता तपासा. पहाटे गावातून निघायला बस नसते, म्हणून आदल्या रात्री गावातच मुक्काम करावा लागतो. हे वेळापत्रकात आधीच धरा.

सोबत पारदर्शकता घ्या. २० सेंटिमीटर व्यासाची पत्र्याची तबकडी, चार भाग, दोन काळे दोन पांढरे, मध्ये गाठी मारलेली दोरी आणि खाली वजन. सकाळी १० ते दुपारी २ च्या दरम्यान डोंग्याच्या सावलीच्या बाजूनं सोडा. २५ ते ४० सेंटिमीटर असेल तर पाण्याला खाद्य पुरेसं आहे. २० च्या खाली हिरवं पाणी असेल तर पहाटेचा प्राणवायू मोजल्याशिवाय शेण-खत टाकायचा सल्ला कोणाला देऊ नका. पाणी मातीनं गढूळ असेल तर या आकड्याचा अर्थच वेगळा.

वनस्पतींचे वाफे

दोन तलावांची तुलना करून 'या तलावात बेशरम काढलं म्हणून मासा वाढला' असं लिहिण्याचा मोह होतो. दोन तलावांत बियाणं, गाळ, येवा, म्हशी, सगळंच वेगळं असतं. ते वाक्य टिकत नाही. त्यापेक्षा एकाच तलावात ५ मीटर बाय ५ मीटरचे सहा वाफे करा. एप्रिल-मे मध्ये तळ उघडा असताना सहाही वाफ्यांतलं बेशरम मुळासकट खणा. तोडलेलं खोड ओलीत पडलं तर तुकड्यातुकड्यातून फुटतं, म्हणून सारं पाळीच्या पलीकडे नेऊन वाळवा. त्याचा पाला विषारी आहे, शेळ्यांच्या वाटेत ढीग घालू नका. पाऊस पडून गुडघाभर पाणी झालं की चिठ्ठ्या टाकून निवडलेल्या तीन वाफ्यांत तलावातल्याच दुसऱ्या कोपऱ्यातून आणलेल्या वनस्पती लावा. तीन तसेच ठेवा. कोणत्या वनस्पती, किती अंतरावर, हे तिथल्या बायांना ठरवू द्या. कोणतं मूळ कोणत्या चिखलात धरतं हे त्यांनाच माहीत असतं.

वाफ्याभोवती बांबू रोवून जाळी लावा. ती नसली तर गवत्या मासा (ग्रास कार्प) कोवळे कोंब खातो, सायप्रिनस (कॉमन कार्प) चिखल उकरून रोपं उपटतो आणि म्हशी बाकीचं निपटतात. जाळीच्या खालच्या कडेत हातभर फट ठेवू नका, पण भोकं इतकी मोठी असू द्या की बारका मासा आत-बाहेर करेल. नाहीतर तुम्ही वनस्पतीचा नव्हे, पिंजऱ्याचा परिणाम मोजाल.

मोजायला अर्ध्या इंची प्लॅस्टिकच्या पाइपची १ मीटर बाय १ मीटरची चौकट करा. टोकं बंद केली की ती तरंगते. प्रत्येक वाफ्यात तीन ठिकाणी टाका, आतली वनस्पती जातीनुसार किती टक्के पसरली ते लिहा; काढून वजन फक्त शेवटच्या फेरीत करा. मासा मोजताना जाळं तेच, आसाचा (जाळ्याच्या भोकाचा) आकार तोच, तास तेवढेच, हात तेवढेच. प्रत्येक माशाची लांबी आणि वजन घ्या. वजन ग्रॅममध्ये गुणिले १००, भागिले लांबीचा घन सेंटिमीटरमध्ये, हा माशाच्या अंगलटीचा गुणांक. ३० सेंटिमीटरची, ३५० ग्रॅमची रोहू असेल तर तो साधारण १.३ येतो. लांब पण काटकुळा मासा मिळू लागला की हा आकडा आधी खाली जातो, वजनाचे एकूण आकडे नंतर.

मोहाच्या ढेपेवरही (बियांचं तेल काढून उरलेला चोथा) चांगलं काम होऊ शकतं. तळी रिकामी करायला ती जुनीच युक्ती आहे: तिच्यातलं सॅपोनिन कल्ल्यांतून रक्तात जाऊन तांबड्या पेशी फोडतं. पुस्तकी मात्रा दर लिटर पाण्याला २५० मिलिग्रॅम, म्हणजे १,००० घनमीटर पाण्याच्या बोडीला (शेतातल्या लहान तळ्याला) २५० किलो. विष साधारण दोन आठवडे टिकतं, मग तीच ढेप खत होते. गावात वापरतात ती मात्रा वेगळी असते का, आणि पाणी नेमकं कितव्या दिवशी सुरक्षित होतं, हे मच्छरदाणीच्या कापडाच्या हप्यात (पाण्यात टांगलेल्या पिंजऱ्यात) दहा बोटुकल्या (बोटभर पिल्लं) २४ तास ठेवून तपासता येतं. हा प्रयोग खाजगी बोडीतच करा, गावतलावात कधीच नाही.

काय छापायचं नाही

उन्हाळ्यात मरळ जिथे तग धरते त्या खोलगट जागांचे अक्षांश-रेखांश प्रबंधात देऊ नका. तलाव आटताना त्या चार जागा म्हणजे पुढच्या वर्षीचं सारं बियाणं. नकाशा संस्थेकडे राहू द्या, प्रबंधात 'तलावाचा आग्नेय भाग' एवढं पुरे. ज्यांनी सांगितलं त्यांची नावं द्यायची का, हे त्यांना विचारा. हो म्हणाले तर आभारात कोपऱ्यात नव्हे, पद्धतीच्या प्रकरणात द्या, कारण ज्ञान तिथून आलं आहे.

संस्था बियाण्याचा निर्णय पावसाच्या तोंडावर घेते: किती बोटुकली, कोणत्या जातीची, गवत्या सोडायचा की नाही. तुमचा प्रबंध तेव्हा महाविद्यालयाच्या कपाटात असतो. म्हणून मे महिन्यात, तलावात पाणी कमी आणि लोक निवांत असताना एक बैठक मागा. प्रबंध नेऊ नका. एकच पान न्या, मोठ्या अक्षरात: थव्यांचा आलेख नक्षत्रांसह, सहा वाफ्यांचे आकडे, पहाटेचा प्राणवायू, आणि ढिवरांचं कोणतं सांगणं जुळलं, कोणतं जुळलं नाही. न जुळलेल्यावर वाद होईल, तो पूर्ण ऐका आणि लिहून घ्या. मग ते पान संस्थेच्या ठरावाच्या वहीत चिकटवायला द्या.